आईचा सोमवार आणि धरणातल्या मरळी

आमचं घर लिंगायताचं. युसूफ वडगावात वडिलांचं किराणा दुकान. अंड्याचा उल्लेख करायची वेळ आलीच तर आई "ते पांढरं" म्हणायची आणि लगेच पदर तोंडाला लावायची. अशा घरातला थोरला मुलगा अंबाजोगाईला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकला, कारण बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. पुढे तो मत्स्य खात्यात लागला, कारण बाकीच्या खात्यांनी बोलावलं नाही. नेमणूकही मिळाली ती घरापासून सायकलवर जाता येईल अशा धरणावर. मला वाटलं, सरकारनं सोय केली. आईला वाटलं, सरकारनं आमची गावासमोर अब्रू काढली.

पाहुण्यारावळ्यांत ती सांगायची, "पोरगं धरणावर साहेब हाय." ऐकणारा समजायचा पाटबंधारे. माझे सासरेही तेच समजले. लग्नानंतर पहिल्यांदा माझी पिशवी धुवायला घेतली तेव्हा बायकोला खरं खातं कळलं. दोन दिवस ती पिशवी तिनं काठीनं सरकवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पिशवी बाहेर खुंटीला लावत जा." आमच्या संसारातला सगळ्यात मोठा वाद एवढ्यावर मिटला.

लोकांना वाटतं, मत्स्य खात्यातला माणूस मासे धरतो. तसं नाही. धरण म्हणजे एक बुडालेलं गाव समजा, आणि मी त्याची शिरगणती करणारा. अडचण एवढीच की कुणाचं दार वाजवता येत नाही. म्हणून दरवर्षी ठरलेल्या जागी, लहानमोठ्या भोकांची जाळी लावायची आणि सकाळी ओढून ताडपत्रीवर जे पडेल त्यावरून खाली कोण राहतंय याचा अंदाज बांधायचा. याला आम्ही नमुन्याची मासेमारी म्हणायचो. प्रत्येक माशाची लांबी घ्यायची, वजन करायचं आणि एक खवला काढून भिंगाखाली धरायचा. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं खवल्यावर दिसतात, त्यावरून वय कळतं. मग काहींची पोटं चिरून, मेल्यानं काय खाल्लं होतं ते बघायचं. ज्याला आईनं घरात कांदासुद्धा चिरू दिला नव्हता, तो मी.

धरणात दोन प्रकारची प्रजा. रोहू, कटला, मृगळ ही सरकारी लेकरं. साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाहीत, त्यामुळे दरवर्षी पावसाळ्यात त्यांची बोटाएवढी पिल्लं बाहेरून आणून सोडावी लागतात. खात्याच्या भाषेत बोटुकली, नाहीतर नुसतं बीज. दुसरी नदीची स्वतःची प्रजा, म्हणजे मरळ, मिशावाला शिवडा, वाम. यांना कुणी आणून सोडलेलं नाही, आणि यांना कुणाचं भय नाही. मरळ तर काठालाच राहते. अंग सापासारखं, तोंड मोठं, आणि समोरून येणारं बारकं पिल्लू कुणाच्या घरचं आहे याची ती चौकशी करत नाही.

जुनी माणसं सांगायची, धरणात पहिल्यांदा पाणी अडलं तेव्हा शेतं, कुरणं, उकिरडे सगळं बुडालं आणि त्या खतावर कटला असा माजला की एक मासा न्यायला दोन माणसं लागायची. नंतर ते खत सरलं, मासे उतरले. एवढं पुस्तकात होतंच. पण माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत जे दिसायला लागलं ते पुस्तकात नव्हतं. दरवर्षी बोटुकली सोडायची आणि पुढच्या वर्षी जाळ्यात लहान रोहू एक नाही. यायचे ते म्हातारे. खवल्यावरची वर्तुळं दरसाल एकानं वाढलेली. तरणी पोरं पुण्याला गेलेल्या गावासारखं धरण झालं होतं. मरळी मात्र दरसाल जास्त, आणि दरसाल जास्त गुटगुटीत.

कारणं सगळ्यांकडे होती. वरच्या साहेबांचं म्हणणं, ज्यांच्याकडं धरणाची मासेमारी होती त्या मच्छीमार सोसायटीचे भोई बारीक जाळ्यानं बोटुकली मारून खातात. सोसायटीचं म्हणणं, पाणकावळे. आमच्या भागाचे पुढारी तात्या, ज्यांची पन्नास-साठ एकर बागायत धरणाच्या काठाला होती आणि त्यामुळे धरण आपलंच आहे अशी ज्यांची प्रामाणिक समजूत होती, त्यांचं म्हणणं, बीजच बनावट येतंय. "आता सगळंच डुप्लिकेट झालंय, मन्मथराव. माशाला कावून सोडतील?" असं ते मला म्हणायचे.

ते दिवसच तसे होते. केजच्या स्टँडवर एसटीडीचे पिवळे डबे आले, दुकानांत रंगीत बाटल्या आल्या, घराघरावर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या. सगळं खुलं होणार असं रेडिओ सांगत होता. धरणातही ते वारं आलं. वरून कुणकुण लागली की सोसायटीला मासे काढून दाखवता येत नसतील तर पाणी बाहेरच्या ठेकेदाराला देऊन टाकावं. येत्या दोन वर्षांत नमुन्याच्या मासेमारीत सोडलेलं बीज जगलेलं दिसलं तर सोसायटी राहील, नाहीतर धरण जाईल. काठावरच्या सगळ्या भोई घरांची चूल त्या नमुन्याच्या जाळ्यावर आली.

सोसायटीतले सगळ्यात जुने दगडूमामा. जाळं ओढून ओढून त्यांचे खांदे एका बाजूला उतरले होते. मी ही बातमी सांगितली तेव्हा ते तराफ्यावर बसून जाळ्याचं भोक विणत होते. वर न बघता म्हणाले, "धरण जाऊ द्या की. भिंत बी घेऊन जा म्हणावं. आमाला निस्तं पाणी ठेवा."

आता आईच्या सोमवाराबद्दल सांगायला हवं.

धरणाच्या काठी महादेवाचं एक देऊळ आहे. मूळ गाव पाण्यात गेलं तेव्हा देव वर आणून बसवला आणि पाण्यापर्यंत पायऱ्या बांधल्या. मी नोकरीला लागलो त्या महिन्यापासून आईनं तिथला सोमवार धरला. गव्हाची कणीक, थोडा गूळ आणि चिमूटभर हळद, कारण पांढरं काही द्यायचं नसतं, असं तिचं मत. त्याच्या गोळ्या करून डबा भरायचा, एसटीनं जायचं आणि पायऱ्यांवर बसून माशांना घालायच्या.

"तू आठवडाभर जे करतोस," ती मला म्हणाली होती, "ते मी सोमवारी फेडते."

तिच्या मागं दुकानदारांच्या बायका यायला लागल्या. प्रत्येकीच्या घरात काही ना काही फेडण्यासारखं होतंच. एकीच्या पोरानं कोंबड्या पाळल्या होत्या, एकीचा नवरा सावकाराकडं कारकून होता. होता होता सोमवारी पायऱ्यांवर जत्रा भरायला लागली. देवळाबाहेरचा फुलवाला तयार गोळ्या विकू लागला. आरतीची घंटा वाजली की पायऱ्यांशी पाणी खदखदायचं.

आणि खात्याचं बीज सोडण्याचा कार्यक्रमही याच पायऱ्यांवर व्हायचा. दुसरीकडं कुठं करणार? इथपर्यंत डांबरी रस्ता, पाहुण्यांना उभं राहायला पायऱ्या, नारळ फोडायला देव. तात्यांनी तर श्रावणातला सोमवारच ठरवून टाकला होता, कारण गर्दी आयती मिळायची. मंडप, हलगी, हार, भाषणं, आणि शेवटी पिशव्या सोडायच्या. इतकी वर्षं हे चाललं आणि कुणाच्या मनात काही आलं नाही. दोन्ही चांगलीच कामं होती.

एका श्रावणात कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दगडूमामांनी पायऱ्यांजवळ धरलेली एक मरळ माझ्यापुढं टाकली.

"सायेब, हिचं पोट बघा. दिवस गेल्यावानी दिसतीय."

मी पोट चिरलं. आत आदल्या दिवशीच्या भाषणांसह सोडलेली बोटुकली कोंबून भरलेली. त्यातच एक बारका धरणातलाच मासा अर्धवट पचलेला. त्याचंही पोट सवयीनं उघडलं, तर आत पिवळी कणीक.

माणूस अक्षर ओळखतो तशी मी ती कणीक ओळखली. गुळाचं प्रमाण, मळण्याची पद्धत. हळद तर आमच्याच दुकानातली.

दगडूमामा वाकून बघत होते. "कुणाची म्हणावी ही?"

"असेल कुणाची तरी."

"मळलीय मात्र लई झ्याक."

सगळा हिशोब ताडपत्रीवर मांडला गेला होता. गोळ्यांनी बारके मासे जमले, बारक्यांच्या मागं मरळी आल्या. त्यांनी पायऱ्यांखाली बिऱ्हाडं केली, पोरंबाळं वाढवली, आणि वर्षातून एकदा सरकार त्यांच्या दारात येऊन, हलगी लावून, हार घालून त्यांना पंगत वाढत होतं. माझी आई दर सोमवारी माझ्या पापाची भरपाई करत होती त्या मरळींना पोसून, आणि मी माझ्या पगारात त्यांना पक्वान्न पुरवत होतो. आमच्या घरातली दोन माणसं एवढ्या एकदिलानं दुसऱ्या कुठल्याच कामात वागलेली नाहीत.

आईला सांगणं भाग होतं. ती भाकरी थापत होती. मी मांडी घालून बसलो आणि जमेल तसं सांगितलं. ती थापत राहिली.

"म्हंजे माझं पुण्य मरळीनं खाल्लं?"

"तुझं पुण्य बारक्या माशानं खाल्लं. बारक्याला मरळीनं खाल्लं."

"आन सरकारचं?"

"ते थेट मरळीनंच."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मरळीला दुसरं काही चालत न्हाई?"

"न्हाई."

"लाह्या?"

"न्हाई, आई."

"कुणी करून बघितलंय का?"

भाकरी फुगली. मग तिनं विचारलं, "दगडूचं पाणी जायची गोष्ट चाललीय म्हणाला होतास. ते ह्याच्यामुळं?"

दगडूमामांची बायको आमच्या दुकानात तेल-मीठ न्यायला यायची. आईनं तिला घरात कधी बोलावलं नव्हतं, पण ओट्यावर बसवून चहा दिल्याशिवाय सोडलंही नव्हतं. मी हो म्हणालो. आईनं पुढची भाकरी थापायला घेतली.

पुढच्या श्रावणाआधी मी तात्यांकडं गेलो. म्हटलं, बीज पायऱ्यांवर नको. धरणाचं पाणी मागं जिथं संपतं, त्या फुगवट्याच्या टोकाला सोडू. तिथं उथळ पाणी आहे, शेवाळ आहे, बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत. पिल्लांना लपायला जागा आहे.

तात्यांनी ऐकून घेतलं. "तिकडं गाडी जाती का?"

"टेंपो जाईल जेमतेम. पुढं चिखल आहे."

"मंडप?"

"मंडप नाही टाकता येणार."

"पब्लिक?"

"कुणी नसतं तिथं."

"मग मन्मथराव, तिकडं मी भाषण कुणाला करू? बाभळीला?" ते हसले आणि खांद्यावर हात ठेवून मला बाहेरपर्यंत सोडायला आले. कुणाचं काम करायचं नसलं की ते नेहमी बाहेरपर्यंत सोडायला यायचे. "ह्या साली वरून मोठे पाहुणे येणार हायत. पायऱ्याच ठीक हायत."

तो सोमवार उजाडला. बीजाचा टेंपो लांबून आला होता. पिशवीत थोडं पाणी, थोडी पिल्लं आणि वर प्राणवायू भरून तोंड बांधलेलं असतं. तो पुरतो तेवढाच पुरतो. मी टेंपो लिंबाखाली लावून पिशव्यांवर ओली पोती टाकत होतो. शेजारी दगडूमामा उभे. हे बीज गेलं तर पुढच्या नमुन्यात दाखवायला काही नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. तात्या माईकवर "हॅलो, हॅलो" करत होते, मग तेवढ्यावर न राहता त्यांनी थोडं भाषणच करून घेतलं. पोती वाळत चालली होती.

आणि देवळाकडून आई आली. मागं तिच्या सोमवारच्या सगळ्या बायका, हातात डबे. आई आयुष्यात कधी पुढाऱ्यापुढं उभी राहिली नव्हती. ती सरळ मंडपात गेली.

"तात्या, आमचा सोमवार हाय. आमी आधी घालतो, मग तुमचं."

"घाला की, काकू. देवाचं काम." तात्यांनी माईक बाजूला केला. बायकांपुढं नाही म्हणणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"तुमी बी या. हात लावा."

तात्या पायऱ्या उतरले. पब्लिक मागं. घंटा वाजली, आईनं मूठभर गोळ्या टाकल्या. पाणी चाळवलं, बारके मासे चमकले. दुसऱ्या मुठीला खालून काळी पाठ वर आली. मग दुसरी, मग तिसरी. एकीनं पायरीशीच तोंड उघडून बारका मासा असा ओढला की पाणी तात्यांच्या पांढऱ्या धोतरावर उडालं. तात्या दोन पायऱ्या मागं सरले.

"बघा," आई म्हणाली, "सगळी पानावर बसलीत. आता वाढा तुमची पोरं."

तात्या त्या पाण्याकडं बघत राहिले. मासा त्यांना कळत नसेल, पण जेवणावळ कळत होती. किती माणसं जमली, कुणाच्या पानावर काय पडणार, याचा अंदाज त्यांच्याइतका तालुक्यात कुणाला नव्हता. शेवटी मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "दरसाल हेच हुतं?"

"दरसाल."

"आन आपण टाळ्या वाजवतो."

"हो."

त्यांनी मान फिरवली. "दगडू, टेंपो घेऊन जा बे तिकडं मागं. पब्लिकला दिसू नको."

तात्यांचं बोलून होईतो दगडूमामा टेंपोत चढलेही होते. मी एक पिशवी पाहुण्यांसाठी खाली काढायला लागलो तर आईनं हात धरला. "तिच्यातली बी पोरंच हायत ना?"

तात्यांनी क्षणभर विचार केला. "ती बी ने. साहेबासाठी एक पिशवी हापश्यावर भरा. निस्तं पाणी. वर हवा चांगली भरा, गुबगुबीत दिसली पाहिजे."

पाहुणे आले. हार झाले, नारळ फुटला, हलगी वाजली. पाहुण्यांनी दोन्ही हातांनी पिशवी धरली, मीच सांगितलेल्या रीतीप्रमाणे ती आधी थोडा वेळ पाण्यावर टेकवली, आणि मग अतिशय हळुवारपणे धरणाच्या पाण्यात हापशाचं पाणी सोडलं. फोटो निघाला. टाळ्या पडल्या. पाहुणे बराच वेळ वाकून बघत होते.

"गेले कुठं?"

"लई चपळ जात हाय, साहेब," तात्या म्हणाले. "निवडून आणलीय."

दुपारी मी सायकल ढकलत फुगवट्याला गेलो. दगडूमामा मांडीपर्यंत चिखलानं भरलेले, बाभळीच्या खोडावर बसले होते. खांद्यावरून एकेक पिशवी आत नेऊन त्यांनी सावकाश उघडली होती. "माझ्या धाकटीला सासरी घालवली तवा अशी गेली," ते म्हणाले. "मागं वळून बघितलं न्हाई."

पुढं धरण बरंच बदललं. बीज दरवर्षी गुपचूप फुगवट्याला जायला लागलं. पायऱ्यांवरचा कार्यक्रम तसाच चालू राहिला, फक्त तिथं नुसत्या पाण्याच्या पिशव्या रिकाम्या व्हायच्या. तात्यांना तर तो जास्त आवडायला लागला, मेलेल्या पिल्लांचा वास नसायचा. पायऱ्यांखालच्या मरळी हळूहळू कमी झाल्या. मग कुठून तरी चिलापी आली, ती साचलेल्या पाण्यातच विते, तिला सरकार लागत नाही, बीज लागत नाही, आता जाळं ओढलं की निम्मी तीच. माझ्या सगळ्या नोकरीत धरणातली प्रजा एक वर्ष स्थिर राहिली नाही. पण मला सांगायची आहे ती फुगवट्याला पहिल्यांदा बीज सोडलं त्याच्या पुढच्या वर्षीची मासेमारी.

वरून साहेब आले होते. जाळं फुगवट्याला लावलेलं. सकाळी दगडूमामा आणि त्यांची माणसं ओढायला लागली तेव्हा जाळं जड आलं, पण जड तर चिखलही येतो. काठावर कुणी विडीसुद्धा पेटवली नव्हती. ताडपत्रीवर पहिला पसा पडला आणि त्यात तांबूस पंखांचे तरणे रोहू उड्या मारत होते. साहेबांनी स्वतः खवला काढून भिंगाखाली धरला. एकच वर्तुळ. त्यांनी दुसरा बघितला, तिसरा बघितला. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. राहू द्या सोसायटीकडं." दगडूमामा तिथंच ओल्या जाळ्यावर बसले आणि उतरलेला खांदा दाबत राहिले.

संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं देवापुढं दिवा लावला आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

"वाचली म्हण की पोरं."

"वाचली."

"आता कुठं हायत?"

"कोण?"

"ती. रोहू."

मी साखर गिळली. "दगडूमामांनी केजला पाठवली. बाजारात."

"इकायला?"

"त्यासाठीच सोडतो ना आपण, आई."

ती दिव्याची वात सारखी करत होती. पुष्कळ वेळ ती वात सारखी होईना.

"मग मरळीनं काय वाईट केलतं रे?"

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर. पोटं चिरायचं, खवले वाचायचं शिकलेला. हात धुवायचं निमित्त करून मागच्या दारी गेलो. पुढच्या सोमवारी ती नेहमीसारखा डबा घेऊन पायऱ्यांवर गेली.

दुसऱ्या दिवशी धरणावर दगडूमामांना मी आईचा प्रश्न सांगितला. त्यांनी तो थट्टेवारी नेला नाही. हातातलं जाळं मांडीवर ठेवून विचार केला.

"वाईट काय न्हाई केलं, सायेब," ते म्हणाले. "तिची सोसायटी नोंदवलेली नव्हती, एवढंच."